डावीकडचा ऑर्गन

बस होल्डरनेस रोडला लागली तेव्हा क्लाइव्ह पिंडरच्या कानात दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं सुरू झालं होतं. ड्रम आले. पत्र्यावरून नख ओढावं तशी ती बारीक गिटार आली. गाणारा आला, नेहमीसारखाच, हवामानाची बातमी वाचून दाखवल्यासारखा. आणि मग जिथे ऑर्गन यायचा तिथे काहीच आलं नाही. नुसती जागा. गाणं त्या रिकाम्या जागेला वळसा घालून पुढे निघून गेलं. क्लाइव्हला वाटलं, वायर गेली असेल. त्याने पिन काढून पुन्हा खोचली, वायर बोटांत धरून पिळली, गाणं मागे नेलं. ड्रम, गिटार, गाणारा, आणि ती जागा. मग सहज, काही विचार न करता, त्याने हेडफोन उलटे घातले, डावा उजव्या कानावर, उजवा डाव्या. आता ऑर्गन होता. एकटाच, मोठा, जरा बेसूर, एक पट्टी अडकलेला, अगदी होता तसाच. पण गिटार गेली होती. त्याने पुन्हा सुलटे केले. गिटार आली, ऑर्गन गेला. समोरच्या बाकावरची बाई त्याच्याकडे बघत होती. तिला वाटलं असेल, म्हाताऱ्याला हेडफोन घालता येत नाहीत.

डॉक्टरांनी सगळं सांगितलं होतं. ऐकण्याच्या नसेवर गाठ आहे, वाईट नाही, पण वाढतेय, काढावी लागेल, आणि काढताना नस वाचणार नाही. डावा कान जाईल. चेहऱ्याची डावी बाजू काही महिने बधिर राहील, कदाचित नेहमीच. रस्ता ओलांडताना जपा, गर्दीत बोलणं कळायला त्रास होईल, हाक कुठून आली ते कळणार नाही. तोल जाईल, भिंतीचा आधार घ्या. क्लाइव्हने मान डोलावली होती. मॅक्सीन शेजारी बसून हे सगळं लक्षात ठेवत होती, कारण त्याच्या लक्षात राहणार नाही हे तिला ठाऊक होतं. ऑर्गनचं कुणी बोललं नव्हतं. कोण बोलणार होतं? बसच्या काचेत त्याचा चेहरा दिसत होता, अर्धा त्याचा आणि अर्धा कुणीतरी उसना दिलेला. त्याला वाटलं, आता वाईट वाटेल. तो थांबला. वाईट वाटण्याची वाट बघत बसला, बसची बघतात तशी. ते आलं नाही. त्याने हेडफोन गुंडाळून खिशात ठेवले आणि दुकानांकडे बघत राहिला.

ऑपरेशननंतर हे असंच चाललं होतं. दुखत नव्हतं. झोप यायची, भूक लागायची, चहा गालावरून ओघळला तरी कळायचं नाही. मॅक्सीन रुमाल पुढे करायची तेव्हा कळायचं. कारखान्यातली माणसं भेटायला आली. तिथे तो तीस-एक वर्षं कॅराव्हॅनच्या खिडक्या बसवत होता. त्यांनी केक आणला, त्याच्या जागी लावलेल्या पोराने एका गाडीची खिडकी उलटी कशी बसवली त्याची गोष्ट सांगितली, सगळे हसले. क्लाइव्हही हसला, निदान उजव्या बाजूने. मुलीने लंडनहून फोन केला आणि रडली. त्याने तिची समजूत घातली. फोन ठेवल्यावर त्याला वाटलं, आपण कुणातरी दुसऱ्याच्या मुलीची समजूत घातली. बधिरपणा गालापुरता आहे असं डॉक्टर म्हणाले होते. आत कुठवर गेलाय हे बघायला त्यांच्याकडे काही यंत्र नव्हतं. आणि या सगळ्या दिवसांत त्याने ‘लो वॉटर’ ही गाण्यांची तबकडी मुद्दाम लावली नव्हती. राखून ठेवली होती. घरात एखादी बाटली मोठ्या प्रसंगासाठी ठेवतात तशी. काहीच वाटेनासं झालं तर ती आहे, असं त्याने मनाशी धरलं होतं. आज ती बसमध्येच, कसलाही प्रसंग नसताना, उघडली गेली होती.

तो सोळा वर्षांचा होता त्या वर्षी नदीवरचा मोठा पूल झाला आणि पलीकडे जाणारी फेरी बंद पडली. शरद ऋतूत ‘कोल्ड फेरी’ या बँडचं हे रेकॉर्ड आलं. चार पोरं, नदीपलीकडची. हल शहरातल्या माणसाने पलीकडच्यांचं काही चांगलं म्हणायचं म्हणजे जिवावरच येतं, पण याला इलाज नव्हता. कव्हरवर रिकामा धक्का, ओहोटीचा चिखल, आणि कोपऱ्यात कुणाचीतरी छत्री. दुकानात एकच प्रत उरली होती. तिच्या एका टोकाला क्लाइव्हचा हात आणि दुसऱ्या टोकाला एका लाल केसांच्या पोराचा. “सोड,” तो पोरगा म्हणाला. “तू सोड,” क्लाइव्ह म्हणाला. “तू शहराच्या पूर्वेचा ना? बोलण्यावरूनच कळतंय. तुम्हाला रग्बी कळत नाही, गाणं काय कळणार?” दुकानदाराने सांगितलं, भांडायचं तर बाहेर, नाहीतर दोघांनी मिळून घ्या. दोघांनी मिळून घेतली. मग आठवडाभर ती पूर्वेला, आठवडाभर पश्चिमेला, पिशवीतून, बसमधून, पावसाचं पाणी लागू नये म्हणून कोटाच्या आत. लाल केसांचा पोरगा म्हणजे रसेल. त्याचा बाप ट्रॉलरवर होता, आइसलंडच्या बाजूला बोट गेली ती आलीच नाही. हे क्लाइव्हला रसेलने कधी सांगितलं नाही. रसेलच्या आईने सांगितलं, एकदा चहा ओतताना, साखर किती हे विचारावं तसं.

रसेलच्या खोलीत दोन स्पीकर होते, खिडकीच्या दोन्ही बाजूंना. दोघे पलंगाला पाठ टेकून जमिनीवर बसायचे, क्लाइव्ह उजवीकडे, रसेल डावीकडे, आणि भांडायचे. रसेलच्या मते रेकॉर्ड म्हणजे तो ऑर्गन. चर्चमधून काढून टाकलेला, स्वस्तातला, एक पट्टी अडकलेली, आणि वाजवणाऱ्याने ती पट्टी टाळायची सोडून तिच्यावरच पुन्हा पुन्हा येऊन थांबायचं. “बघ, बघ, आला परत तिथेच. अरे, हिंमत लागते याला.” क्लाइव्हच्या मते रेकॉर्ड म्हणजे गिटार, जी कधीच पूर्ण सूर वाजवत नाही, नुसता कडा दाखवते. “तुझा ऑर्गन म्हणजे मेलेल्या आजीची घंटी.” “तुझी गिटार म्हणजे कुत्र्याने कुंपणाला खाजवलेलं.” पण गाणाऱ्याबद्दल दोघांचं कधी भांडण झालं नाही. तो आवाज काहीच जाणवू न देणारा होता. त्यात राग नव्हता, रडू नव्हतं. धक्का बंद झाला, ती निघून गेली, चहा गार झाला, सगळं एकाच सुरात. त्या वर्षी गावातल्या गोद्या रिकाम्या पडल्या होत्या, शाळेतून सुटलेल्या पोरांना कुठे काम नव्हतं, घराघरांत माणसं दुपारी घरीच असायची. आणि त्या दोघांना वाटायचं, असं बोलता आलं पाहिजे, असं बधिर होता आलं पाहिजे. ते आरशासमोर उभं राहून चेहरा कोरा करायची सवय करायचे. रसेलला जमायचं नाही, त्याला हसू फुटायचं. क्लाइव्हला आता ते न शिकता जमत होतं.

घरी आला तेव्हा मॅक्सीन स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. तिने पाठीमागून काहीतरी विचारलं. तो समोर येऊन उभा राहिला.

“शनिवारी वेंडीच्या दुकानात जाणार आहेस ना, विचारतेय.”

“जाईन.”

“बघ हं, इतकी माणसं एका खोलीत. त्रास झाला तर सरळ निघून ये. वेंडीला मी सांगितलंय.”

“काय सांगितलंय?”

“खुर्चीवर उशी ठेव म्हणून. आणखी काय सांगणार?” तिने सोललेला बटाटा पाण्यात टाकला. मॅक्सीनला ते रेकॉर्ड कधीच आवडलं नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती म्हणाली होती, या माणसाला कुणीतरी गरम सूप पाजा. “ऐकलंस का ते? रेकॉर्ड?”

“नाही,” क्लाइव्ह म्हणाला. “हो. बसमध्ये. थोडंसं.”

“मग?”

“अर्धंच ऐकू येतं.”

ती थांबली. हात पुसून त्याच्या उजव्या गालावर ठेवला, उजव्यावर, आता ती नेहमी उजव्यावरच ठेवायची. “रडायचं असलं तर रड की रे. मी काही कुणाला सांगणार नाही.”

“यायला हवं ना ते,” तो म्हणाला.

“रसेल आला होता दुपारी. तू नव्हतास. दारातूनच गेला.” ती पुन्हा बटाट्यांकडे वळली आणि मग, त्याला ऐकू येईल इतपत मान वळवून म्हणाली, “हॉस्पिटलमध्येही रोज यायचा तो. तुला म्हटलं नाही मी. वॉर्डाबाहेर त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायचा. आत ये म्हटलं की म्हणायचा, गाडी चुकीच्या जागी लावलीय. रोज चुकीच्या जागी?”

शनिवारी तो निघाला तेव्हा त्याने आपली प्रत बरोबर घेतली. ही ती पहिली नव्हे. ती केव्हाच झिजली होती, शेवटी रसेलच्या लग्नात रसेलकडे राहिली आणि लग्न मोडलं तेव्हा कुठेतरी गेली. ही नंतरची, त्याची स्वतःची. ती वेंडीला देऊन टाकायची असं त्याने ठरवलं होतं. ठरवताना काही वाटलं नव्हतं. जुने बूट द्यावेत तसं. जो माणूस आता ऐकूच शकत नाही त्याच्या कपाटात ती कशाला, एवढा साधा हिशेब होता. बाजारामागच्या गल्लीत वेंडीचं दुकान. खाली जुनी रेकॉर्डं, वर एक लांबट खोली, आणि त्या खोलीत दर वर्षी नोव्हेंबरमध्ये, रेकॉर्ड आलं त्या सुमाराला, ही माणसं जमायची. लीड्सहून येणारे दोघे भाऊ, ज्यांना फक्त बेसबद्दल बोलायचं असायचं. एक निवृत्त शिक्षिका, जी डोळे मिटून बसायची आणि कधीकधी झोपून जायची. आणखी दहा-बारा जण, केस गेलेले, पोटं सुटलेली, पण बॅजेस तेच, कोटाच्या कॉलरवर. नियम एकच, दोन्ही बाजू संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. मग प्रत्येकाने एकेक गोष्ट सांगायची, या वर्षी काय ऐकू आलं ते. दर वर्षी काहीतरी नवीन ऐकू यायचं. एका वर्षी शिक्षिकेने सांगितलं की तिसऱ्या गाण्याच्या शेवटी कुणीतरी खुर्ची सरकवतं. सगळ्यांनी पुन्हा लावून ऐकलं. खरंच सरकवत होतं. त्या दिवशी ही पोक्त माणसं लहान मुलांसारखी ओरडली होती.

“आला बघ आमचा राजा,” वेंडी जिन्याच्या तोंडाशीच म्हणाली. ती समोर उभी राहून सावकाश बोलत होती, मॅक्सीनने तेही सांगितलं असणार. “मधली खुर्ची तुझी. उशी आहे.”

मधली खुर्ची म्हणजे दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावरची, जिच्यासाठी दर वर्षी भांडणं व्हायची. आज सगळे उठून उभे होते आणि ती मोकळी होती. क्लाइव्हला वाटलं, आंधळ्याला खिडकीची जागा दिल्यासारखं आहे हे. पण नको म्हणायला काही कारण सांगावं लागलं असतं. तो भिंतीला हात लावत गेला आणि बसला. रसेल भिंतीपाशी उभा होता, पांढऱ्या झालेल्या केसांत कुठेकुठे लाल उरलेला. त्याने नेहमीसारखं काहीतरी खोचक बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. वेंडीने सुई ठेवली.

इथे हेडफोन नव्हते, त्यामुळे सगळंच ऐकू आलं. ऑर्गनही आला. पण तो डावीकडून आला नाही. सगळं एकाच बाजूने, उजवीकडून, घर बदलताना सामान एका भिंतीला रचून ठेवावं तसं आलं, टेबलावर खुर्च्या, खुर्च्यांवर दिवे, काय कशापुढे आहे कळेना. खोली नव्हती. इतकी वर्षं या रेकॉर्डमध्ये एक खोली होती, तिच्यात फिरता यायचं. गिटारकडून ऑर्गनकडे चालत जाता यायचं, मधे गाणारा उभा असायचा. आता नुसती भिंत. क्लाइव्ह हातांकडे बघत बसला. त्याने आठवून बघितलं, या जागी काय वाटायचं. दुसऱ्या गाण्यात ती अडकलेली पट्टी पहिल्यांदा वाजते तिथे मानेवर काटा यायचा, एकोणीसशे एक्क्याऐंशीपासून, न चुकता. पट्टी वाजली. मान मानेच्या जागी होती. शिक्षिकेचे डोळे मिटलेले होते आणि पापणीखालून पाणी येत होतं. लीड्सचा धाकटा भाऊ बोटांनी मांडीवर बेस वाजवत होता. क्लाइव्हला त्यांचा हेवाही वाटला नाही. रस्त्यावरून उजेड असलेल्या घराकडे बघून पुढे जावं तसं तो त्यांच्याकडे बघत राहिला. बाजू बदलली. संपली.

एकेक जण बोलला. भाऊ बेसबद्दल बोलले. शिक्षिका म्हणाली, “मला या वर्षी कळलं की तो गाणारा थंड नाही. घाबरलेला आहे. इतकी वर्षं वर्गात घाबरलेली मुलं पाहिली मी, आणि हे मात्र आत्ता कळलं.”  मग क्लाइव्हची पाळी आली.

“मला काहीच वाटलं नाही,” तो म्हणाला.

कुणीतरी हसलं. गाणाऱ्याच्या सुरात म्हणतोय असं वाटलं असेल. मग हसू थांबलं. क्लाइव्हने पिशवीतून रेकॉर्ड काढलं आणि वेंडीपुढे धरलं. “हे ठेवून घे. चांगली आहे प्रत. कुणा ऐकणाऱ्याला दे.”

“असं काय करतोस, राजा,” वेंडी म्हणाली, पण हात पुढे करेना.

रसेल भिंतीपासून निघाला. “ऑपरेशन कानाचं झालंय का मेंदूचं?” त्याचा आवाज चढला होता. “गिटार म्हणजे काय सांगत होतास इतकी वर्षं? कडा दाखवते. हो ना? मग? आता तुला फक्त कडा दिसतायत तर लगेच दुकान गुंडाळायचं?”

“रसेल,” वेंडी म्हणाली.

“नाही, मला कळू दे. काहीच वाटत नाही म्हणे. इथे कुणाला रोज वाटतं?” त्याने क्लाइव्हच्या हातातून रेकॉर्ड घेतलं, ओढलं नाही, घेतलं, आणि आपल्या कोटाच्या आत सरकवलं. “माझ्याकडे राहील हे. ऐकायला हवं असेल तेव्हा ये. ऊठ. जरा हवा खाऊ.”

खाली उतरताना क्लाइव्हला राग यायला हवा होता. लोकांसमोर बोलला म्हणून, रेकॉर्ड घेतलं म्हणून. त्याने पायऱ्यांवर लक्ष ठेवलं. बाहेर चार वाजताच उजेड मावळायला लागला होता. कोपऱ्यावरच्या दुकानातून रसेलने बटाट्याच्या पॅटीज घेतल्या, वर लाल मसाला मारून, आणि दोघे जुन्या धक्क्याच्या दिशेने चालू लागले. क्लाइव्हला सरळ चालता येत नव्हतं. दर थोड्या वेळाने तो डावीकडे कलायचा, रसेलच्या अंगावर आपटायचा, आणि रसेल कोपराने त्याला जागेवर आणायचा.  एकदा रसेल म्हणाला, “तोंड पूस,” आणि क्लाइव्हने पुसलं.

धक्क्यावर माणसं नव्हती. ओहोटी होती, चिखल दूरवर उघडा पडलेला, आणि पलीकडचा किनारा नुसती एक रेघ. ते कठड्याला टेकून उभे राहिले. रसेल त्याच्या डावीकडे होता. खोलीत जमिनीवर बसायच्या त्या दिवसांपासून तो डावीकडेच असायचा. क्लाइव्हने पॅटी संपवली, कागद चुरगळून खिशात घातला आणि पाण्याकडे बघत राहिला. वारा एकाच कानात वाजत होता. बऱ्याच वेळाने त्याने सहज मान वळवली तर रसेल बोलत होता. नदीकडे तोंड करून, दोन्ही हात कठड्यावर ठेवून, भराभर. मध्येच थांबत होता, ओठ आवळत होता, पुन्हा सुरू करत होता. त्याच्या तोंडातून वाफ निघत होती आणि वारा ती लगेच पळवून नेत होता. त्यात खोचक काही नव्हतं, तोंडाच्या हालचालीवरून तेवढं कळत होतं. रसेलचं असं तोंड क्लाइव्हने इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं, ना त्याच्या आईच्या दफनाला, ना बायको गेली तेव्हा. एक शब्द ओठांवरून लागला, ‘बोट’, किंवा ‘बोल’, किंवा तसलंच काही. बाकी काही नाही. मधे थांबवून सांगावं की ऐकू येत नाही, असं त्याच्या मनात आलं. त्याने सांगितलं नाही. तो बघत राहिला. मग रसेलचं बोलणं संपलं. त्याने बाहीने नाक पुसलं.

“तू त्या बाजूने बोललास,” क्लाइव्ह म्हणाला. “मला एक अक्षर ऐकू आलं नाही.”

“माहितेय,” रसेल म्हणाला. आता त्याने तोंड वळवलं होतं, मोठ्याने बोलत होता. “म्हणूनच तर बोललो.”

 क्लाइव्हने स्वतःच्या आत पाहिलं, जसं हल्ली तो दर थोड्या वेळाने पाहायचा, काही आलंय का. तसं काही आलं नव्हतं. पण कुणीतरी दाराबाहेर खुर्चीवर बसलंय, एवढं कळत होतं. पाण्यावरून थंडी चढत होती. पुलावरचे दिवे लागले.

“चल,” रसेल म्हणाला. “मॅक्सीन मला फाडून खाईल. बस कुठून धरायची तुला?” तो मागून वळसा घालून क्लाइव्हच्या उजव्या बाजूला यायला निघाला, ऐकू येईल अशा बाजूला.

क्लाइव्हने त्याची बाही धरली.

“तिथेच राहा,” तो म्हणाला. “त्याच बाजूला. स्टँडपर्यंत बराच रस्ता आहे. बोल तू.”

रसेलने त्याच्याकडे पाहिलं. मग दोघे निघाले, क्लाइव्ह जरा कलत, रसेल त्याला कोपराने सावरत. पहिल्या दिव्यापर्यंत रसेल गप्प होता. दुसऱ्या दिव्याखाली आल्यावर क्लाइव्हने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. ओठ पुन्हा हलायला लागले होते. तो समोर बघत चालत राहिला.